ओढणी, एअरटाइम आणि मी न विचारलेला प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या मुलींना मी निबंध दिला होता, ‘माझा आवडता छंद’. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा, या विषयावर काय येतं ते. निम्म्या वर्गाचा छंद वाचन. त्यातल्या दोघी-तिघी खरंच वाचतात. बाकीच्या मेहंदी, बागकाम आणि एखादी धीट मुलगी क्रिकेट. एकीने मात्र लिहिलं होतं : ‘मला रोलर कोस्टर आवडतात. मी अजून एकाही रोलर कोस्टरमध्ये बसलेले नाही.’

पुढची तीन पानं या न बसलेल्या मुलीने अशा अधिकाराने लिहिली होती की मी शुद्धलेखनाच्या चुका शोधायचंच विसरले. फक्त एका शब्दाभोवती लाल गोल केला. ‘एअरटाइम’. समासात लिहिलं, मराठी शब्द शोधा.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. “टीचर, मराठी शब्द नाही मिळाला. उर्दूत मुअल्लक म्हणता येईल का?” मुअल्लक म्हणजे अधांतरी, टांगलेलं. मग तिने मला समजावून सांगितलं. गाडी उंचवट्यावर वेगाने चढते आणि लगेच खाली वळते. गाडी वळते, पण आपलं शरीर अजून वर जायच्या नादात असतं. त्या क्षणी सीट आपल्याखालून निघून जाते आणि मांडीवरचा दांडा आपल्याला धरून ठेवतो. तो क्षण म्हणजे एअरटाइम. जगभरचे शौकीन भांडतात ते उंचीवरून कमी, या क्षणावरून जास्त. मी लाल गोलाशेजारी ‘अधांतर’ लिहिलं आणि तिला अर्धा गुण परत दिला.

शौकीन भांडतात हे मला माहीतच नव्हतं. रोलर कोस्टर म्हणजे माझ्या लेखी एस्सेल वर्ल्ड. शाळेत असताना गोराईच्या खाडीतून लाँचने गेलो होतो, मी डोळे मिटून बसले आणि उतरल्यावर सगळ्यांना सांगितलं की खूप मजा आली. पण अमेरिकेत या लोकांची रीतसर संघटना आहे, अमेरिकन कोस्टर एन्थुझिअॅस्ट्स, १९७८ पासूनची. आपण किती कोस्टरमध्ये बसलो याचा ते हिशेब ठेवतात, एकेकाला ‘क्रेडिट’ म्हणतात. मग लहान मुलांच्या सुरवंटाच्या गाडीत मोठ्या माणसाने बसून क्रेडिट घ्यावं का, यावर वाद. लाकडी चांगला की पोलादी, यावर वाद. ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कात मीन स्ट्रीक नावाचा जुना लाकडी कोस्टर होता. त्याच्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ बसवून २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स उभा केला, तर त्याला आता लाकडी म्हणायचं की पोलादी, यावर वाद. आमच्याकडे चंद्र दिसला की नाही यावरून होतो तितका मोठा नाही, पण त्याच जातीचा.

मला त्यातला एक वाद मनापासून आवडला. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अॅडव्हेंचर या पार्कात २००५ साली किंगडा का नावाचा कोस्टर उभा राहिला. उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर, दोन्ही तेव्हाचे जागतिक विक्रम. पुढच्याच वर्षी त्याच पार्कात एल टोरो हा लाकडी कोस्टर आला, उंचीने निम्म्याहूनही कमी. आणि कित्येक शौकिनांनी सरळ सांगितलं की एल टोरोच भारी. किंगडा का म्हणजे एकच टेकडी, वर गेलो, खाली आलो, संपलं. एल टोरो उंचवट्यामागून उंचवट्यावर माणसाला अधांतरी करतो. किंगडा का २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. उंचीचा विक्रम असा जमीनदोस्त झाला आणि एल टोरोवाले म्हणाले, आम्ही काय सांगत होतो? (हेही खरं की एल टोरो २०२२ मध्ये प्रवासी जखमी झाल्यामुळे बराच काळ बंद होता. शौकीन ते लपवत नाहीत, त्यावरही भांडतात.)

रियाधला असलेल्या माझ्या भाच्याला हे पटत नाही. तिथे किद्दियामध्ये २०२५ च्या अखेरीस फाल्कन्स फ्लाइट सुरू झाला, ताशी २५० किलोमीटर, चार किलोमीटरहून लांब रूळ. अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसाचा २४० चा विक्रम मोडला. भाचा अजून त्यात बसलेला नाही, पण आकडे रोज पाठवतो. माझ्या विद्यार्थिनीला मी ते दाखवले तर ती म्हणाली, “टीचर, वेग तर ट्रेनलाही असतो.” दहावीचे टक्के दाराबाहेर फ्लेक्सवर लावणाऱ्या पालकांना ऐकवावं असं हे वाक्य.

आता मूळ गोष्टीकडे येते. जानेवारीत आमची सहल एका मोठ्या पार्कात गेली. नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका पार्काचा नाही. तासभर रांगेत उभं राहून आम्ही कोस्टरच्या फलाटावर पोहोचलो. माझी ही मुलगी सगळ्यात पुढे. दारावरचा पोरगा, असेल वीस-बावीस वर्षांचा, म्हणाला, “स्कार्फ काढून ठेवा.”

तिने विचारलं, “पूर्ण काढायचा, की लोंबणारी टोकं आत खोचली तर चालेल?”

तो म्हणाला, “वरून ऑर्डर आहे.”

मागे रांग खोळंबलेली. कुणीतरी ‘चला ना’ म्हणून ओरडलं. मी काय केलं? मी म्हणाले, “राहू दे बेटा, चल.” चौदा मुलींपैकी चौघींनी स्कार्फ काढले आणि त्या बसल्या. दहा जणी माझ्याबरोबर बाहेरच्या जिन्याने खाली उतरल्या. त्यात तीही होती. बसमध्ये ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. त्या पोरावर तिचा राग नव्हता. मला म्हणाली, “टीचर, तुम्ही त्याला काहीच विचारलं नाही.”

मी सोबतच्या शिक्षिकांना सांगत राहिले की तमाशा नको होता. ते खोटं नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत मी हे शिकले आहे की डोक्यावर कापड असलेल्या बाईने सार्वजनिक ठिकाणी आवाज चढवला की तिचा प्रश्न कुणी ऐकत नाही, कापडच पाहतात. पण आवाज न चढवताही विचारता आलं असतं. तिने नाही का विचारलं?

असा प्रसंग दुसरीकडे किती चिघळला हे मला नंतर कळलं. २०११ ची ईद, ३० ऑगस्ट, न्यूयॉर्कजवळचं राय प्लेलँड. एका मुस्लिम संघटनेने ईदसाठी तिथे हजारो लोकांची सहल नेली होती. काही राइडवर डोक्यावर काहीही घालायला बंदी होती, ओढणीलाही. पार्कचं म्हणणं, आम्ही आयोजकांना आधीच सांगितलं होतं. दारावर आलेल्या बायकांना ते माहीत नव्हतं. बाचाबाची, धक्काबुक्की, दोन रेंजर जखमी, पंधरा जणांना अटक. ईदच्या दिवशी, मुलाबाळांसमोर. एका बाजूने म्हटलं सुरक्षा, दुसऱ्या बाजूने म्हटलं भेदभाव. कुठली राइड, कुठला पट्टा, कापड कशात अडकेल, हे बाजूलाच राहिलं.

आपल्या बाजूच्या लोकांना आधी सांगते, कारण ते न सांगता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. कापड जीव घेऊ शकतं. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात एका मुस्लिम बाईचा बुरखा गो-कार्टमध्ये अडकला आणि ती गेली. आपल्या देशातही गो-कार्टच्या चाकात केस अडकून तरुण बायका गेल्या आहेत, त्यात कापडाचा संबंध नव्हता. गो-कार्टमध्ये फिरता आस आणि इंजिन बसणाऱ्याच्या पाठीशी, उघड्यावर असतं. तिथे लोंबत्या ओढणीला जागा नाही आणि मोकळ्या वेणीलाही नाही. ‘अल्लाह मालिक’ म्हणून बसू नये. ज्याने सगळा नियमच अपमान मानला त्याच्याशी मी सहमत नाही.

पण कोस्टर म्हणजे गो-कार्ट नव्हे. त्याची चाकं डब्याखाली रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असतात, बसणाऱ्याच्या मानेपासून दूर. इथे भीती वेगळी आहे. सैल वस्तू उडते, मागच्याच्या तोंडावर बसते किंवा रुळावर पडते. म्हणून स्टील व्हेंजन्सच्या रांगेत २०१९ मध्ये मोबाइलच बंद केले होते. त्यावरही शौकिनांचं घमासान झालं, पण कशावरून? बंद होणारा खिसा असेल तर फोन उडेल का, लॉकर फुकट असावा की नाही, यावरून. वस्तू सैल आहे की घट्ट, एवढाच प्रश्न. वस्तू कुणाची आहे, हा नाही.

आता फलाटावर परत चला. त्या चौघींनी स्कार्फ काढले, मग ते ठेवले कुठे? मुठीत. त्या पोराने ते पाहिलं आणि गाडी सोडली. म्हणजे डोक्याला गच्च बसलेलं, चार पिना लावलेलं कापड धोक्याचं होतं, म्हणून ते सोडून हातात मोकळं दिलं आणि त्या हातांना अधांतर दाखवायला पाठवलं. पुढच्या डब्यात एका बाईचा गॉगल केसांवर चढवलेला होता. मोकळ्या केसांना तर कुणी हटकलंच नाही. हे सगळं मी पाहिलं नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीने जिना उतरता उतरता पाहिलं आणि सोमवारी मला सांगितलं. शौकिनांची नजर ती हीच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कात फ्युरी ३२५ या कोस्टरच्या खांबाला तडा गेला होता. तो एका पाहुण्याच्या लक्षात आला, त्याने व्हिडिओ काढला आणि त्यानंतर राइड बंद झाली.

पिनांचंही खरं आहे. खांद्यावरून येणारा जाड पट्टा मानेपाशी दाबतो, तिथे पिना टोचू शकतात. मग पिन नसलेली, टोपीसारखी ओढून घालायची हिजाब का नको? फुटबॉलमध्ये हा प्रश्न अगदी असाच आला होता. राय प्लेलँडच्याच वर्षी, २०११ मध्ये, इराणच्या मुलींना ऑलिंपिक पात्रता सामन्यात स्कार्फमुळे खेळू दिलं नाही. मानेला इजा होईल, हे कारण. २०१२ मध्ये नियमकर्त्यांनी प्रयोग म्हणून परवानगी दिली आणि २०१४ मध्ये ती कायम केली. मैदानावर मुली एकमेकींचे कपडे ओढतात, तरीही मार्ग निघाला. कोस्टरमध्ये तर कुणी कुणाला ओढतही नाही.

माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक राइडसाठी वेगळं लिहा, आणि ते तिकिटाच्या खिडकीवर लिहा, मराठीत. तासभर रांगेत उभं केल्यावर फलाटावर सांगू नका. गो-कार्टवर डोक्याला घट्ट टोपी हवी आणि ओढणी नको असेल तर तसं लिहा, केसांबद्दलही लिहा. कोस्टरवर घट्ट, बिनपिनेची हिजाब चालत असेल तर तेही लिहा, आणि चालत नसेल तर का, ते लिहा. कारण पटलं तर आमच्या मुली घरूनच ठरवून येतील की बसायचं की खाली उभं राहून बॅगा सांभाळायच्या. आणि दारावरच्या पोराला उत्तर देता येईल एवढं तरी शिकवा. त्या दिवशी तो आमच्याशी उद्धट वागला नव्हता. त्याच्याजवळ एकच वाक्य होतं, ते त्याने दोनदा म्हटलं.

मी पार्कला पत्र लिहिलं. पाठवण्याआधी तिला वाचायला दिलं, कारण तांत्रिक शब्द तिचे. तिने निम्मं पत्र पेन्सिलीने खोडलं. पहिला परिच्छेद घटना, समानता, सन्मान असा होता, माझ्या मते फार सुंदर उतरला होता. “टीचर, हे शेवटी घ्या. आधी पट्ट्याचं विचारा. पट्ट्याचं विचारलं तर इंजिनिअरकडे जाईल, हे वाचलं तर साहेबाकडे जाईल.” मी क्रम बदलला. मुठीतल्या स्कार्फचं वाक्य तिनेच सांगितलं, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ नीट केलं.

पत्र जाऊन तीन आठवडे झाले. पुढच्या वर्षी सहल कुठे न्यायची यावर शाळेत बोलणं सुरू आहे, मुख्याध्यापक महाबळेश्वर म्हणतात.