माजघरात डोकावताना

परवा वीकेंडला नागझिऱ्याला गेलो होतो. चौघं मित्र, एक जिप्सी, एक गाइड. पिटेझरी गेटपासून दोन तास नुसते चितळ, गवे आणि रानकुत्र्यांच्या पाऊलखुणा. वाघाचा पत्ता नाही. आणि वाघ दिसला नाही की शहरातली माणसं गाइडचा इंटरव्ह्यू घ्यायला लागतात. आमच्यातल्या एकाने विचारलंच, ‘दादा, तुमच्या गोंड लोकांत ते घोटुल असतं ना? म्हणजे पोरं-पोरी रात्रभर...’ आणि डोळा मारला. गाइड त्याच्याहून लहानच असेल. ‘आमच्या इकडं नाही जी ते,’ एवढं बोलून तो झाडावरचं घुबड शोधायला लागला.

हाच मित्र आदल्या रात्री मोबाइलवर टर्किश सिरियल बघत होता. सुलतान, पाचूचे हार आणि अर्थातच हरेम. ‘काय ऐश होती यार!’ हे त्याचं मत. म्हणजे एकाच ट्रिपमध्ये हरेमही झालं आणि घोटुलही. म्हटलं, या दोन शब्दांची गोष्ट सांगायलाच हवी.

हरेम या शब्दाचं मूळ अरबी. निषिद्ध आणि पवित्र, या दोन्ही अर्थांच्या घरातलं. सुखवस्तू ऑटोमन घरात पुरुष पाहुण्यांना बसवायचा भाग वेगळा आणि बायका-मुलांचा, कुटुंबाचा भाग तो हरेम. आपल्याकडे ओसरी आणि माजघर असायचं, तसंच काहीसं. राजवाड्यातलं हरेम मात्र मोठं प्रकरण होतं. तिथे गुलाम म्हणून आणलेल्या मुली होत्या, हे लपवायचं कारण नाही. पण तिथे हुकूम चालायचा तो सुलतानाच्या आईचा. 1623 मध्ये चौथा मुराद अकराव्या वर्षी गादीवर आला, तेव्हा काही वर्षं साम्राज्याचा कारभार त्याची आई कोसेम हिने पाहिला. ऐश कमी, राजकारण जास्त!

युरोपातल्या प्रवाशांना यातलं काही दिसलं नाही, कारण पुरुषांना आत प्रवेशच नव्हता. मग त्यांनी काय केलं? कल्पनेनं लिहिलं. आत गेली ती लेडी मेरी वर्टली माँटेग्यू, इंग्लंडच्या राजदूताची बायको. 1717 मध्ये सोफियाच्या हमामखान्यात ती बायकांमध्ये जाऊन बसली. त्या बायकांनी तिला कपडे उतरवायचा आग्रह केला आणि आतलं कॉर्सेट बघून त्या थक्कच झाल्या. त्यांना वाटलं, नवऱ्यानेच हिला या पिंजऱ्यात कोंडलंय! माझा हा भयंकर आवडता किस्सा आहे. बिचारी कोण, हे ज्याच्या त्याच्या खिडकीवर ठरतं. शिवाय तुर्की बायकांची संपत्ती त्यांच्याच हातात असते, हेही मेरीबाईंनी नोंदवून ठेवलं.

तिची पत्रं 1763 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर छापली गेली. त्यातले उतारे फ्रेंच चित्रकार अँग्रने वहीत उतरवून घेतले आणि म्हातारपणी, 1862 मध्ये, ‘टर्किश बाथ’ हे चित्र पूर्ण केलं. तुर्कस्तानात तो कधी गेलाच नव्हता. पण जगाच्या डोक्यात राहिलं ते त्याचं चित्र. पत्रं कोण वाचतंय?

घोटुलचंही अगदी असंच झालं. व्हेरिअर एल्विनने बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलवर 1947 मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. तरुण मुलामुलींच्या या घरात झाडलोट, लाकडं आणणं, नाच, गाणी आणि कामचुकारांना शिक्षा असं सगळं त्यात आहे. शरीरसंबंधांबद्दलही आहे, त्याने ते लपवलं नाही. बाहेरच्या जगाने नेमकं तेवढंच उचललं. आणि एकदा बाहेरचे हसायला लागले की घरातल्यांनाही आपल्याच गोष्टीची लाज वाटायला लागते. गाइडने घुबड का शोधलं असेल, सांगा बरं.

आता गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) बघा. 1980 च्या दशकात या गावाने आपलं घोटुल पुन्हा बांधलं. सागवान परवानगीशिवाय वापरलं म्हणून वनखात्याने ते पाडलं. गावाने परत उभारलं. एवढंच नाही, आसपासच्या गावांनीही आपापली घोटुलं बांधली! मामला लाकडाचा होता, तसा मानाचाही. याच मेंढ्याला पुढे 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

मित्राला हे सगळं परतीच्या गाडीत ऐकवलं. तो म्हणाला, ‘मग यांचं खरं बघायचं कुठे?’ प्रश्न चांगला होता. याच गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत, दरेकसा स्टेशनपासून जवळ. माघ पौर्णिमेला तिथे गोंडांची मोठी यात्रा भरते, शेजारच्या राज्यांतूनही माणसं येतात. त्याने लगेच मोबाइल काढून पुढच्या माघ पौर्णिमेला कोणता वार येतोय ते बघितलं. नेमकी मीटिंग होती म्हणे.