हाएनाचा किनारा आणि प्रवाशाचा हक्क

हवाई बेटांची सफर करून आलेल्या आपल्याकडील कांहीं सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकूं येते. कौआई बेटाच्या उत्तरेस हाएना नांवाचें समुद्रकांठचें उद्यान आहे. तेथें जाण्यास परक्या प्रवाशाला आगाऊ परवाना काढावा लागतो, ५ डॉलर द्यावे लागतात, आणि दिवसाकाठीं ९०० हून अधिक प्रवाशांस प्रवेश मिळत नाहीं. हवाईचा रहिवासी मात्र विनापरवाना व विनामूल्य आंत जातो. समुद्र काय गांवकऱ्यांच्या बापाचा आहे, असा या गृहस्थांचा सवाल असतो.

सवाल झणझणीत खरा, पण त्याच्या मुळाशीं वस्तुस्थितीचें अज्ञान आहे. पूर्वीं तेथें दररोज २,००० हून अधिक लोक लोटत आणि खुद्द गांवकऱ्यांसच किनाऱ्यावर जागा उरत नसे. एप्रिल २०१८ मध्यें जवळच्या वाइपा येथें २४ तासांत सुमारें ५० इंच पाऊस कोसळला, दरडींनीं रस्ता बंद पडला, आणि उद्यान जून २०१९ मध्यें पुन्हां उघडलें तें ही मर्यादा घालूनच. जमीन सरकारची आहे. परंतु प्रवेश, वाहनतळ व प्रवासी-गाड्या यांची व्यवस्था स्थानिक लोकांच्या संस्था पाहतात. त्यांपैकीं 'हुइ मकाआइनाना ओ मकाना' ही संस्था वीसांहून अधिक वर्षें तेथील अळूचीं जुनीं खाचरें पुन्हां लागवडीस आणीत आहे. आपण ज्या अळूची भाजी करतों, त्याचाच कंद हें या लोकांचें पिढीजात अन्न होय.

कोणी म्हणेल, बंधन दुसऱ्यास आणि मोकळीक स्वतःस, हा कोठला न्याय? पण २०१५ मध्यें तेथें मासेमारीचे जे नियम लागू झाले, ते गांवकऱ्यांनींच वर्षानुवर्षें खटपट करून मंजूर करवून घेतले. त्यांप्रमाणें माणशीं दिवसाला दोनच शेवंडी, त्याहि हातानेंच, धरतां येतात; आणि मकुआ येथील उथळ पाण्यांत, जेथें माशांचीं पिलें वाढतात, तेथें गांवकऱ्यासहि उतरण्यास मनाई आहे. जो प्रथम स्वतःचा हात आंखडतो, त्यास स्वार्थी कसें म्हणावें?

आगाऊ नोंदणीमुळें ऐन वेळीं निघणाऱ्याची गैरसोय होते, हें मीं नाकारीत नाहीं. परंतु गैरसोय म्हणजे अन्याय नव्हे. समुद्र सर्वांचा, हेंहि मला मान्य आहे. मात्र त्याचा उपभोग घेण्यास सर्व येतात, आणि सारे परतल्यावर केरकचरा उचलण्यास जवळचा तोच उरतो. शिवाय १८९३ मध्यें ज्यांचें राज्य उलथलें गेलें आणि १८९८ मध्यें ज्यांचा देश अमेरिकेनें आपल्यांत सामील केला, त्यांच्या वंशजांस 'दार सताड उघडें ठेवा' असें बजावणें, परसत्तेचा अनुभव घेतलेल्या देशांतील माणसांस तरी शोभत नाहीं. हाएनानें दार लावलेलें नाहीं. पंगतीस किती पानें वाढावयाचीं, एवढेंच ठरविलें आहे. तेथें जाऊं इच्छिणाऱ्यानें वेळीं परवाना काढावा आणि पाहुण्यासारखें वागावें.