विश्लेषण : गाडीचा विमा स्वस्तात घ्यायचा की भरवशाचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराचे पाणी मोहोळ तालुक्यातील गावांत शिरले. लांबोटी येथे सोलापूर-पुणे महामार्गावरील वाहतूकही थांबवावी लागली. अशा वेळी गाडीच्या विम्यात नेमके काय आहे आणि काय नाही, याला मोठी किंमत असते. एरवी मात्र रिन्युअलच्या वेळी बहुतेकांचे लक्ष एकाच आकड्यावर असते, तो म्हणजे हप्ता. तो वाढला की मोबाइलवर स्वस्त पॉलिसी शोधली जाते. हा व्यवहार कधी फायद्याचा आणि कधी अंगलट येणारा?

हप्त्यातील कोणता भाग स्वस्त होऊ शकतो?

मोटार विम्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान. मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे. त्याचा दर केंद्र सरकार ठरवते आणि तो सर्व कंपन्यांना सारखाच असतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी कारसाठी तो १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३४१६ रुपये आणि त्यावर ७८९७ रुपये आहे.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचे नुकसान. याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले आहेत. कंपन्यांची स्पर्धा याच भागात चालते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरील जीएसटी हटला, पण कारच्या विम्यावरील १८ टक्के कायम राहिला.

समजा, १२०० सीसीच्या कारसाठी एका कंपनीने ९८०० आणि दुसरीने १२,३०० रुपये सांगितले. दोन्हींत थर्ड पार्टीचे जीएसटीसह सुमारे ४०३१ रुपये समानच आहेत. खरी तुलना ५७६९ आणि ८२६९ रुपयांची आहे. फरक २५०० रुपयांचा.

हप्ता कमी कसा केला जातो?

पहिला मार्ग म्हणजे आयडीव्ही, म्हणजेच गाडीची विमा रक्कम, कमी दाखवणे. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर भरपाई याच रकमेवर ठरते. एका पॉलिसीत आयडीव्ही ४ लाख ६० हजार आणि दुसरीत ४ लाख असेल, तर हप्त्यात वाचलेल्या काही शे रुपयांपोटी ६० हजारांचे नुकसान मान्य केलेले असते.

दुसरा मार्ग ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’चा. प्रत्येक क्लेममधील ठरावीक रक्कम आपणच भरू, असे मालक कबूल करतो. १५०० सीसीपर्यंतच्या कारला सक्तीचे १००० रुपये कापले जातातच, त्यात ही रक्कम वाढते.

तिसरा मार्ग म्हणजे ‘झिरो डेप’सारखी जोड संरक्षणे वगळणे. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांवरील कपात गाडीच्या वयानुसार वाढते. साडेतीन वर्षे जुन्या गाडीला ती २५ टक्के असते.

२५०० रुपयांचा फरक वसूल होतो का?

वरील दोन पॉलिसींत ‘झिरो डेप’ एवढाच फरक आहे आणि गाडी साडेतीन वर्षांची आहे, असे धरू. अपघातानंतर गॅरेजचे बिल ४० हजार झाले. त्यात बंपर, हेडलाइट असे प्लास्टिकचे भाग १६ हजारांचे, बॉनेट १२ हजारांचे आणि मजुरी १२ हजार (रंगकामाचा हिशेब वेगळा). साध्या पॉलिसीत प्लास्टिकचे ८ हजार, बॉनेटचे ३ हजार आणि सक्तीचे १ हजार असे १२ हजार रुपये मालकाच्या खिशातून जातात. ‘झिरो डेप’ असेल तर १ हजार. म्हणजे ११ हजारांचा फरक पडतो.

चार-साडेचार वर्षांत असा एक अपघात झाला, तरी जादा हप्ता वसूल होतो. मोहोळहून रोज महामार्गाने सोलापूर गाठणाऱ्याला हे गणित सोयीचे आहे. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर काढणाऱ्याला कदाचित नाही. शिवाय अनेक कंपन्या ‘झिरो डेप’ला गाडीच्या वयाची आणि क्लेमच्या संख्येची मर्यादा घालतात.

पुरात गाडी बुडाली तर?

पुराने गाडीचे झालेले नुकसान ओन डॅमेजमध्ये येते, नुसत्या थर्ड पार्टीत एक रुपयाही मिळत नाही. मात्र पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करताना इंजिन निकामी झाले, तर साध्या पॉलिसीत कंपनी हा खर्च नाकारू शकते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ वेगळे घ्यावे लागते. सीनाकाठच्या गावांत गाडी उभी असणाऱ्याने हप्ता वाचवताना हे संरक्षण शेवटी काढावे. गाडीत पाणी शिरले असेल, तर स्टार्टर न मारता ती ओढून न्यावी.

भरवशाची सेवा ओळखायची कशी?

जाहिरातीतील कॅशलेस गॅरेजच्या एकूण संख्येला मोहोळमध्ये फारसा अर्थ नाही. सुमारे ३५ किलोमीटरवरच्या सोलापुरात आपल्या गाडीचे कोणते वर्कशॉप यादीत आहे, ते विचारावे आणि त्या वर्कशॉपला फोन करून खात्री करावी. साध्या पॉलिसीत अपघातग्रस्त कार ओढून नेण्यासाठी १५०० रुपयांपर्यंतच खर्च मिळतो. त्यामुळे ‘रोडसाइड असिस्टन्स’ मोहोळपर्यंत येतो का, किती किलोमीटर मोफत आहे, हेही विचारावे.

विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या २०२४ च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमणे, त्याने १५ दिवसांत अहवाल देणे आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय देणे अपेक्षित आहे. एजंट असो वा ॲप, सेवा या मुदतींवर मोजावी.

कंपनी बदलल्यास नो क्लेम बोनस जातो का?

नाही. हा बोनस मालकाचा असतो. तो २० टक्क्यांपासून सलग पाच क्लेमविरहित वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या कंपनीतही मिळतो. मात्र पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर तो जातो.

किरकोळ क्लेमनेही तो शून्यावर येतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८ हजार असेल आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के बोनस मिळणार असेल, तर एका क्लेमने ३६०० रुपये जातात. त्यापुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच मिळाल्याने आणखी २४०० जातात. चार-पाच हजारांची दुरुस्ती म्हणूनच स्वखर्चाने केलेली बरी.

क्लेम अडला तर?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. सोलापूर जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनी कोणतीही असली, तरी हा हक्क तोच राहतो. फक्त पॉलिसीत जे घेतलेलेच नाही, ते लोकपालही मिळवून देऊ शकत नाही.