किटली कोणी उचलावी?

आमवाताने ग्रासलेल्या माणसाचे सांधे सकाळी तासभर, कधी त्याहूनही अधिक काळ, आखडलेले असतात आणि हालचालीनेच ते हळूहळू मोकळे होतात, हे ठाऊक असूनही, आमच्या एका स्नेह्याने दोन्ही तळव्यांत धरून उचललेली चहाची किटली परवा आम्ही लगबगीने काढून घेतली, तेव्हा त्याच्या मुद्रेवर वेदनेहून निराळी, अवमानाची छटा उमटली. ममतेच्या नावाखाली दुसऱ्याच्या आयुष्याचे मुखत्यारपत्र आपल्या नावे करून घेण्याचा अधिकार स्नेहाला पोहोचत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाचकहो, अशा मित्राला फिरावयास जरूर बोलवा, ‘आज नको’ म्हणण्याचा हक्क त्याच्याकडेच राहू द्या, आणि हात पुढे करण्यापूर्वी त्याला एकदा विचारा.