शिल्लक कुपनं कोणाची?

सणासुदीला पालघर-बोईसर पट्ट्यात मंडळांच्या लकी ड्रॉची कुपनपुस्तकं फिरू लागतात. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर ती हातोहात खपतात. पहिलं बक्षीस मोटारसायकल, उरलेली रक्कम रुग्णवाहिकेला किंवा शाळेला. हेतू चांगलाच असतो, आणि म्हणूनच कोणी खोलात शिरत नाही.

पैसे घेऊन चिठ्ठीवर बक्षीस देणं ही कायद्याच्या नजरेत लॉटरी. राज्याचा 1958 चा लॉटरी नियंत्रण कायदा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 297 अशी लॉटरी परवानगीशिवाय चालवू देत नाहीत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तरीही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून मिळालेली सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41 सीची परवानगी सोडतीलाही पुरते, असं समजणारे पदाधिकारी भेटतात. ती पुरत नाही.

सोडतीची परवानगी असली तरी खरा प्रश्न शिल्लक कुपनांचा आहे. समजा हजार छापली, सहाशे विकली. उरलेली चारशे ड्रममध्ये गेली, तर दहापैकी चार वेळा बक्षीस विकत घेणाऱ्याला मिळणारच नाही. ऐनवेळी त्यांवर कुणाचं नाव लिहिलं गेलं, हे कोण सांगणार? हे टाळण्यासाठी विक्री सोडतीच्या आदल्या दिवशी बंद करावी, न विकलेली पुस्तकं मोजून, रद्द करून सीलबंद करावीत आणि फक्त विकलेल्यांच्या चिठ्ठ्या ड्रममध्ये टाकाव्यात.

पदाधिकारी, पुस्तकं सांभाळणारे, चिठ्ठी काढणारे आणि या सर्वांचे कुटुंबीय यांनी कुपन घेऊच नये. नुसतं जाहीर करून भागत नाही. हितसंबंध सांगितला म्हणून तो संपत नाही. माणसानं निर्णयातून बाजूला व्हावं लागतं. मोटारसायकल सदस्याच्याच शोरूममधून घ्यायची असेल, तर त्यानं त्या बैठकीत बसू नये आणि बाहेरची दोन दरपत्रकं फाइलला असावीत. कंपनीचा कंत्राटदार बक्षीस देत असेल आणि कंपनीचा अधिकारी विश्वस्त असेल, तर आमच्या मते ते बक्षीस नाकारलेलं बरं.

नोंदणीकृत ट्रस्टांनी हे हलक्यात घेऊ नये. विश्वस्त, त्यांचे नातेवाईक आणि मोठे देणगीदार यांना लाभ पोचला तर करसवलतीवर गदा येते, हे 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 13 नं केव्हाच स्पष्ट केलं होतं.

कुपनं छापायला टाकण्यापूर्वी कार्यकारिणीनं या सगळ्या नियमांचा ठराव करावा. त्याची प्रत आणि रद्द पुस्तकांची यादी हाती आल्याशिवाय लेखापरीक्षकांनी सोडतीच्या हिशेबावर सही करू नये.