टेकल्यावाचून निघू नये

देवदर्शन आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर, ओवरीत किंवा सभामंडपातल्या एखाद्या खांबाशी घटकाभर टेकल्यावाचून घरी परतू नये, असा एक शिरस्ता आपल्या वाडवडिलांनी पाळला. तो कोणत्या ग्रंथातून आला याची चौकशी त्यांच्यापैकी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. परंतु निघण्याची घाई करणाऱ्या नातवाला आजी हाताला धरून पायरीवर बसवी आणि ‘देवाच्या दारी आलास, जरा टेक तरी’ असे म्हणे, तेव्हा त्या दोन शब्दांत देवालयाकडे पाहण्याची एक संपूर्ण रीत सामावलेली असे. ही रीत आता नामशेष होऊ लागली आहे आणि तिच्याबरोबर आपली देवळेही आपल्याला दिसेनाशी होत आहेत, असे माझे मत आहे.

शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठी, कर्नाटकाच्या सीमेला खेटून वसलेल्या खिद्रापूर गावी कोपेश्वराच्या दर्शनाला गेलो असताना या मताला बळकटी आली. शिलाहारांच्या अंमलात, बाराव्या शतकाच्या सुमारास उभ्या राहिलेल्या या शिवालयात नवख्या माणसाचा पहिला गोंधळ होतो तो नंदीवरून. कारण शंकराच्या देवळात आधी नंदीला हात लावायचा ही आपली सवय आणि येथे तर नंदीच नाही. माझ्यापुढे गेलेले एक कुटुंब त्याला सगळीकडे शोधत होते. कट्ट्यावर बसलेल्या एका वृद्ध गावकऱ्याने त्यांना हाक मारली, ‘पाव्हणं, नंदी न्हाई हितं. त्यो तकडं यडूरला. आदी बसा, मग सांगतो.’ दक्षाच्या यज्ञाला निघालेल्या सतीबरोबर नंदी गेला, सतीच्या देहत्यागाने शिव कोपला आणि त्याची समजूत घालण्यास विष्णू धोपेश्वर होऊन आला, म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत, ही स्थानिक कथा त्याला सांगावयाची होती. परंतु त्या कुटुंबाला वेळ नव्हता. दोन छायाचित्रे घेऊन मंडळी दहा मिनिटांत मोटारीत जाऊन बसलीसुद्धा.

मी मात्र बसलो आणि बसलो म्हणूनच स्वर्गमंडप मला दिसला. गाभारा आणि सभामंडप यांच्यापुढे असलेल्या या मंडपाच्या माथ्यावर, ऐन मध्यभागी, सुमारे १३ फूट व्यासाचे वर्तुळ मुळातच मोकळे सोडलेले आहे आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच वर्तुळाकार शिला आहे. आत शिरणाऱ्याची दृष्टी प्रथम त्या आकाशाच्या तुकड्यावर खिळते व बहुतेकांची तेथेच तृप्त होते. पण पाव घटका गेली, डोळे सावलीला सरावले, म्हणजे भोवतालचे ४८ स्तंभ एकेक करून पुढे येऊ लागतात, आतल्या वर्तुळाचा भार वाहणारे बारा खांब वेगळे ओळखू येतात, आणि आपापल्या वाहनांवर आरूढ झालेले दिक्पालही त्या वलयात सापडतात. शिलेवर पडलेले उन्हाचे कवडसे एवढ्या वेळात चार बोटे सरकलेले असतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री याच मोकळ्या वर्तुळातून चंद्र पाहण्यास लोक दूरदूरून येतात.

याच देवळात यादव राजा दुसरा सिंघण याचा शके ११३६ चा शिलालेख आहे. कोपेश्वराच्या पूजाअर्चेसाठी त्याने एक गाव दान दिल्याची ती सनद होय. शिलाहार भोजाचा पराभव करून ज्याने हा मुलूख घेतला, त्याच जेत्याने जिताच्या देवाच्या दिवाबत्तीची तजवीज करावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. राज्य आणि अंमलदार बदलले तरी देवाचा खर्च चालू राहिला पाहिजे, हे त्या काळच्या राज्यकर्त्याला उमगले होते; आणि तो लेख ज्या दगडावर कोरला आहे त्याच्या समोरून आपण मान वळवण्याचीही तसदी न घेता निघून जातो.

यावर असा आक्षेप येईल की, पंढरपूर, तुळजापूर किंवा कोल्हापूर येथे सणावाराला लोटणाऱ्या गर्दीत कोणी टेकावयाचे म्हटले तर रांग पुढे सरकणार कशी? आक्षेप रास्त आहे. गाभाऱ्यासमोर कोणी ठाण मांडावे असे मी म्हणत नाही. परंतु रांगेच्या बंदोबस्तासाठी लोखंडी कठडे, मंडप आणि दर्शनाचे पास यांवर जी कल्पकता खर्च होते, तिच्यातला अल्पसा अंश दर्शनानंतर भाविकाला शांतपणे बसता येईल अशी ओवरी मोकळी ठेवण्यावर का खर्च होऊ नये? जुन्या देवळांना ओवऱ्या होत्या त्या याचसाठी. आज त्यांतल्या कित्येक दुकानांनी आणि अडगळीने व्यापल्या आहेत. विश्वस्तांनी त्या रिकाम्या कराव्यात, आणि जेथे शिलालेख असेल तेथे त्याचे सुबोध मराठी भाषांतर वाचता येईल अशा उंचीवर लावावे. या दोन गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही.

राहिलेले काम मात्र कोणत्याही समितीचे नव्हे, ते तुमचे-आमचे आहे. पुढच्या खेपेस कोणत्याही पुरातन देवळात जाल तेव्हा नमस्कार झाल्यावर हातातले यंत्र खिशात ठेवा, मुलांनाही शेजारी बसवा, आणि पाव तास तरी तेथून उठू नका.