कुलूप हिरवं आहे ना?

“सर, कुलूप हिरवं आहे ना?”

आहे बाबा, आहे. श्रावणातला ब्रह्मगिरी लाजेल इतकं हिरवं आहे. पडद्याच्या कोपऱ्यात व्हीपीएनचं ते चिमुकलं कुलूप झळकतंय आणि खाली ‘कनेक्टेड’ अशी ग्वाहीही आहे. किरकोळ उणीव एवढीच, की ऑफिसचा फाइल सर्व्हर दिसत नाही, रजेचा अर्ज उघडत नाही आणि जे उघडतं ते अर्ध्यात गचकतं.

“मग सर, प्रॉब्लेम तुमच्या एंडला आहे.”

तुमच्या एंडला! काय शब्द आहे! दैव, पूर्वसंचित, साडेसाती या आपल्या पूर्वजांनी कष्टाने उभ्या केलेल्या संकल्पना या दोन शब्दांनी एका फटक्यात सेवानिवृत्त केल्या. मी घरून काम करतो म्हणजे माझा एक ‘एंड’ आहे आणि जगातला यच्चयावत दोष त्या एंडालाच असतो. हेल्पडेस्कवरच्या त्या पोराच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, हे जाता जाता नोंदवून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

मुळात हिरवं कुलूप सांगतं काय? तुमचं यंत्र आणि कंपनीचं दारावरचं यंत्र यांनी एकमेकांना ओळखलं, गुप्त खूण ठरवली आणि बोगद्याचं तोंड उघडलं. बस्स. बोगद्यापलीकडे रस्ता आहे की दरी, याबद्दल कुलूप मौन पाळतं. कसाऱ्याचा बोगदा मोकळा आहे म्हणून पंचवटी एक्सप्रेस दादरला वेळेवर पोचलीच, असं नाशिकचं शेंबडं पोरही म्हणणार नाही. आमचा आयटी विभाग मात्र म्हणतो. लेखी म्हणतो.

बरं, तक्रार तरी कुठे करायची? “फोनवर घेत नाही सर, तिकीट टाका.” तिकिटाचं पोर्टल उघडतं फक्त ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कवर, म्हणजे घरून व्हीपीएनमधून. व्हीपीएन चालत नाही हे कळवायला व्हीपीएन चालावं लागतं. पासवर्डचंही तेच. त्याची मुदत संपली की आत शिरता येत नाही आणि तो बदलायचं पान आत! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण आमच्याकडे म्हण नसून कार्यपद्धती आहे. तिला आवृत्ती क्रमांकही आहे.

आता जरा भूगोल. मी नाशिकला, फाइली पुण्याला, मध्ये दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. पण मातृसंस्था जर्मनीची, म्हणून व्हीपीएनचं दार फ्रँकफर्टला. आणि धोरण असं, की लॅपटॉपमधून निघणारं प्रत्येक अक्षर, मग ते गोपनीय ताळेबंदाचं असो की आजच्या कांद्याच्या भावाचं, बोगद्यातूनच गेलं पाहिजे. तेव्हा मी पुण्याची फाइल मागितली की विनंती समुद्राखालून फ्रँकफर्टला जाते, तिथून पुण्याला येते, आणि उत्तर त्याच वाटेने उलटं. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेतच साडेसहा हजार किलोमीटर भरतं. अशा चार खेपा, म्हणजे एका प्रश्नोत्तराला २६ हजार. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे केबल अगदी नाकासमोर गेली असती तरी १३० मिलिसेकंद नुसते प्रवासात गेले. आणि एक फोल्डर उघडायला अशी प्रश्नोत्तरं पन्नास झाली तर? द्राविडी प्राणायाम करणारा माणूस निदान हात स्वतःच्याच डोक्यामागून नेतो हो. हे दुसऱ्या खंडात जाऊन नाक धरतात.

यावर उपचार काय सुचवला? “स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवा.” पाठवला. १०० एमबीपीएस. “बघा सर, स्पीड तर मस्त आहे!” अरे गृहस्था, रस्ता आठपदरी केला म्हणून गाव जवळ येतं का?

या धोरणाचे इतर लाभ वेगळेच. दुपारी बँकेत लॉगिन करावं तर बँक दचकते, कारण मी जर्मनीतून आलेला असतो. एक सरकारी संकेतस्थळ तर मला परदेशी समजून दारच लावून घेतं. पासपोर्टवर एकही शिक्का न उमटता मी रोज दहा ते सात अनिवासी भारतीय असतो. कंपनीपुरती रहदारी बोगद्यातून आणि बाकीची सरळ बाहेर, अशी विभागणी करता येते. त्याला स्प्लिट टनेल म्हणतात, ती जुनी सोय आहे, तिचे धोकेही माहीत आहेत आणि ते तोलून निर्णय घेता येतो. पण तोलायचं म्हणजे तराजू हातात धरावा लागतो. “नाही सर, सिक्युरिटी” म्हणायला तोंड पुरतं.

पण खरा रस पुढे आहे.

फाइल सर्व्हर का दिसत नव्हता? शेवटी ‘रूट प्रिंट’ हा आदेश देऊन रस्त्यांचा तक्ता मीच काढला. तो वाचायला पाच मिनिटं लागतात. न वाचता ‘राउटर रिस्टार्ट करा’ म्हणायला तीन सेकंद लागतात, त्यामुळे स्पर्धा विषम आहे हे मान्य. तक्त्यावरून उलगडलं ते असं: ऑफिसच्या फाइल सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२०. माझ्या घरच्या प्रिंटरचा पत्ता? तोच. १९२.१६८.१.२०. आणि यंत्राचा नियम सरळ आहे. बाकी जगासाठी बोगदा, पण जो पत्ता आपल्याच आळीतला आहे त्याच्याकडे थेट जायचं. शेजारच्या काकूंना निरोप द्यायला कोणी पोस्टात जात नाही. तेव्हा आठवडाभर मी ऑफिसच्या फाइल सर्व्हरला हाका मारत होतो आणि बैठकीच्या कोपऱ्यातला प्रिंटर बावचळून त्या ऐकत होता.

असं कसं झालं? खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले पत्ते आरएफसी १९१८ या दस्तऐवजात दिले आहेत. दस्तऐवज फेब्रुवारी १९९६ चा आहे. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे, असे सगळे मिळून १ कोटी ७८ लाख ९१ हजार ३२८ होतात. त्यातच जोरदार शिफारस केली आहे, की उद्या दोन नेटवर्कं जोडायची वेळ आली तर पत्ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून या साठ्यातून निवड यादृच्छिक करा. म्हणजे डोळे मिटून बोट ठेवा! इतकं सोपं सांगितलं आहे. आमच्या नेटवर्काचार्यांनी या अथांग सागरात बुडी मारून कोणतं रत्न वर आणलं? १९२.१६८.१. जे कित्येक घरगुती राउटरांवर खोक्यातून बाहेर येतानाच असतं. मुलाचं नाव ‘बाळ’ ठेवायचं आणि मग सोसायटीच्या खाली उभं राहून हाक मारल्यावर प्रत्येक जिन्यातून एकेक बाळ खाली का येतं म्हणून चकित व्हायचं, तसं हे.

हे सगळं मी तिकिटात लिहिलं. तक्ता जोडला. सहा दिवसांनी उपाय झाला, आणि उपाय असा, की व्हीपीएन चालू असताना घरातल्या कुठल्याही यंत्राशी बोलायला लॅपटॉपला बंदी. परिणाम? आधी प्रिंटर दिसत होता आणि सर्व्हर दिसत नव्हता. आता दोन्ही दिसेनात. त्या पत्त्याचा निरोप अजूनही घराकडेच वळत होता, फक्त आता उंबऱ्यावर मारला जात होता. याला समत्वबुद्धी म्हणतात. तिकिटावर शेरा: ‘रिझॉल्व्ह्ड’.

मग मी हार मानली आणि घर बदललं. म्हणजे घराचे पत्ते बदलले. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन १९२.१६८.१ चं १९२.१६८.८७ केलं. प्रिंटरला नवा पत्ता हाताने भरून द्यावा लागला, टीव्ही रुसून बसला, आणि “आता काय बिघडवलंस?” हा घरचा प्रश्न आलाच. पण फाइल सर्व्हर क्षणात समोर! लक्षात घ्या, शेकडो कर्मचाऱ्यांच्या ऑफिसने एका संध्याकाळी आपली आळी बदलायची, की शेकडो घरांनी आपापली बदलायची, या प्रश्नाचं उत्तर आमच्या संस्थेत आधीच ठरलेलं होतं. दोष एंडालाच असतो ना.

नावांचा घोळ थोडक्यात सांगतो, कारण तो इतका बालिश आहे की रागही येत नाही. अंतर्गत संकेतस्थळ आकड्याने उघडत होतं, नावाने नाही. ऑफिसातली नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, ठाऊक. आणि माझा ब्राउजर नावं विचारत होता बाहेरच्या भलत्याच सेवेला, ‘सुरक्षित डीएनएस’ या नावाखाली. ते चालू करायचं फर्मान कोणी काढलं होतं? आमच्याच सुरक्षा विभागाने. ई-मेल जपून ठेवला आहे.

आणि आता पिंग. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक मूस नावाच्या माणसाने १९८३ च्या डिसेंबरात पिंग, म्हणजे पलीकडच्या यंत्राला ‘आहेस का?’ अशी हाक मारणारी आज्ञावली, लिहिलं, कारण नेटवर्क विचित्र वागत होतं आणि त्याला शोध घ्यायचा होता. पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव दिलं. शोधाची सुरुवात म्हणून बनलेलं हे हत्यार आमच्या हेल्पडेस्कने शोधाचा शेवट म्हणून वापरात आणलं आहे. “पिंग ओके आहे सर.” विषय संपला. शांतिपाठ.

पण विंडोजचं पिंग पाठवतं किती? ३२ बाइट. पोस्टकार्डही नव्हे, चिठोरं. माझी तक्रार होती ती मोठ्या गाठोड्यांची: लॉगिन होतं, यादी दिसते, पण जोडपत्र उघडायला गेलं की चाक फिरत बसतं. इथरनेटवर एका पाकिटाची मर्यादा १,५०० बाइट. व्हीपीएन त्या पाकिटावर आणखी एक लिफाफा चढवतं, म्हणून आतल्या पाकिटाने अंग चोरायला हवं. वायरगार्डसारख्या व्हीपीएनमध्ये हा आकडा सहसा १,४२० ठेवतात, तो याचसाठी. पाकीट मोठं निघालं आणि त्यावर ‘फोडू नये’ असा शेरा असेल तर वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि उलट निरोप धाडतो: मावत नाही, इतकं लहान करा. ही पद्धत १९९० मध्येच लिहून ठेवली आहे. निरोप जातो आयसीएमपीच्या वाटेने. आणि आमच्या सुरक्षारक्षकांनी, सुरक्षेसाठी अर्थातच, आयसीएमपी अडवलेलं. पिंगपुरती एक फट उघडी, बाकी बंद.

चित्र डोळ्यांपुढे आणा. सोफा लिफ्टमध्ये मावत नाही. हमाल चिठ्ठी देतो: सुटा करून पाठवा. वॉचमन ती चिठ्ठी फाडतो, कारण अनोळखी माणसाची चिठ्ठी बाहेर नेणं असुरक्षित. दुकानदार बिचारा वाट पाहतो आणि पुन्हा तोच अखंड सोफा पाठवतो. पुन्हा. पुन्हा. आणि चौकशी केली की वॉचमन सांगतो, लिफ्ट चालू आहे साहेब, आत्ताच एक मांजर वर गेलं.

पिंगला ‘फोडू नकोस’ अशी ताकीद देऊन गाठोड्याचा आकार वाढवत नेता येतो. मी नेला. १,४७२ ला उत्तर नाही. कमी करत आलो, १,३७२ ला उत्तर आलं. वरचे २८ बाइट धरले की १,४००. व्हीपीएनच्या जोडणीवर हा एक आकडा लिहायचा, झालं. पण माझ्या लॅपटॉपवर तो लिहायचा अधिकार मला नाही. तिकीट टाकलं, दोन्ही आकडे, कारणासकट. तिसऱ्या दिवशी तिकीट बंद. शेरा काय असेल, हुशार वाचका, तुला सांगायला हवा का? ‘पिंग ओके’.

कोणी म्हणेल, चिडू नका, सुरक्षेला थोडी गैरसोय लागतेच. लागते ना! पण सुरक्षा कशात असते ते तरी बघा. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइनची इंधनवाहिनी बंद पडली. खंडणीखोर शिरले होते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून, आणि त्याला पासवर्डापलीकडे दुसरी कडी नव्हती. खंडणी गेली सुमारे ४४ लाख डॉलर. पासवर्ड तसा अवघड होता, असं कंपनीच्या प्रमुखांनी सिनेट समितीपुढे सांगितलं. म्हणजे तिथेही कुलूप उत्तमच होतं. सोडून गेलेल्या माणसांची खाती वेळेवर बंद करणं आणि दुसरी कडी बसवणं हे कंटाळवाणं काम आहे, त्यात मिरवायला काही नाही. माझा प्रिंटर अडवणं सोपं. आमच्याकडे नोकरी सोडून वर्ष झालेल्या एका सहकाऱ्याला ‘तुमच्या व्हीपीएन पासवर्डची मुदत संपत आली आहे’ असा ई-मेल अजून येतो. तो मला पुढे पाठवतो. आम्ही दोघं हसतो. मग मी हसायचा थांबतो.

परवा शनिवारी संध्याकाळी फोन आला. नंबर अनोळखी, आवाज ओळखीचा. हेल्पडेस्कवरचाच पोरगा, पण स्वतःच्या मोबाइलवरून.

“सर, जरा पर्सनल होतं. ते तुम्ही तिकिटात लिहिलं होतं ना, राउटरचा पत्ता बदलायचं... ते नक्की कसं केलंत?”

“का रे?”

“नाही म्हणजे... घरी नवीन राउटर बसवलाय. दोन दिवस झाले, फाइल सर्व्हरच दिसत नाहीये. सिनियरना विचारलं तर ते म्हणतात माझ्या एंडला आहे.”

मागे कुकरने शिट्टी दिली. मी खुर्चीत नीट सावरून बसलो, पाणी प्यायलो, घसा साफ केला.

“कुलूप हिरवं आहे ना?”